विमानाच्या कागदावरची सही

विमान म्हटले की मुलांच्या डोळ्यांसमोर वैमानिक उभा राहतो. शाळेत 'मी वैमानिक झालो तर' असा निबंध निघतो; 'मी विमानाचा मेकॅनिक झालो तर' असा निघाल्याचे आमच्या तरी ऐकिवात नाही. अहमदनगर जिल्ह्याच्या (२०२४ पासून अहिल्यानगर) मुलांना आता विमान म्हणजे केवळ आकाशातली पांढरी रेघ राहिलेली नाही. १ ऑक्टोबर २०१७ रोजी कोपरगाव तालुक्यातील काकडी गावच्या माळावर शिर्डीचा विमानतळ सुरू झाला आणि रस्त्याने जाता जाता विमान उतरताना दिसू लागले. साहजिकच वर्गात प्रश्न येतात. एवढे जड यंत्र उडते कसे, हा पहिला. त्याचे उत्तर शिक्षक देतात. दुसरा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो: हे यंत्र आज उडण्याजोगे आहे, असे ठरवते कोण?

वैमानिक ठरवत नाही. विमान कंपनीचा मालकही ठरवत नाही. ठरलेली तपासणी झाल्यावर, किंवा बिघाड निघून दुरुस्त झाल्यावर, 'हे काम नियमाप्रमाणे झाले आहे व त्यापुरते हे विमान सेवेत जाण्यास योग्य आहे' अशा अर्थाचा मजकूर लिहून त्याखाली एक माणूस सही करतो, परवान्याचा क्रमांक घालतो, तारीख घालतो. ही सही झाल्याखेरीज विमान हलत नाही. आम्हां प्रयोगशाळेतल्या माणसांनाही नोंदवहीवर सही करावी लागते. पण तिथे वाचन शंकास्पद वाटले तर प्रयोग पुन्हा लावता येतो. या माणसाला ती सोय नाही.

हा सही करण्याचा अधिकार आला कुठून आणि तो मिळवण्यासाठी काय शिकावे लागते, ते या लेखात पाहावयाचे आहे. शिक्षकांनी ते जाणून घेण्याचे आणखी एक कारण आहे. बारावीनंतर 'विमानाचा कोर्स' करू पाहणारी मुले आणि त्यांचे पालक सल्ल्यासाठी बहुधा शाळेतल्या शिक्षकाकडेच येतात, आणि एका लहानशा गैरसमजापायी त्यांचे पैसे आणि वर्षे दोन्ही खर्ची पडू शकतात. तो गैरसमज कोणता, हे इतिहास पाहिल्यावर आपोआप लक्षात येईल.

पहिला विमान-मेकॅनिक सायकलच्या दुकानात काम करत होता. चार्ल्स टेलर हे त्याचे नाव, जन्म १८६८ चा. अमेरिकेतील डेटन गावी राइट बंधूंचे सायकलचे दुकान होते. तिथे १९०१ साली तो तासाला ३० सेंट मजुरीवर लागला. दोघे भाऊ आपल्या ग्लायडरचे प्रयोग करायला समुद्रकाठी जात, त्या काळात दुकान याच्या हवाली असे. १९०२ च्या अखेरीस भावांना विमानासाठी हलके इंजीन हवे होते. मोटारी बनवणाऱ्या कारखान्यांना विचारून पाहिले. हवे तितके हलके इंजीन कोणी देईना. शेवटी ते टेलरनेच करावयाचे ठरले. पेट्रोल इंजिनाचा त्याचा पूर्वानुभव म्हणजे एका मोटारीचे इंजीन दुरुस्त करण्याचा एक प्रयत्न, एवढाच!

दुकानात लेथ होते आणि भोके पाडायचे यंत्र होते. पद्धतशीर आराखडे नव्हते. एकेका भागाचे रेखाटन कागदाच्या कपट्यावर काढायचे आणि तो कपटा कामाच्या टेबलासमोर खिळ्याला अडकवायचा, अशी रीत. इंजिनाचा क्रँकशाफ्ट त्याने पोलादाच्या जाड पट्टीतून कोरून काढला: बाह्यरेषेवर ओळीने भोके पाडली, नको तो भाग छिन्नीने उडवला आणि उरलेला लेथवर घासला. इंजिनाचे मुख्य कवच ॲल्युमिनियमचे ओतून घेतले होते. सहा आठवड्यांत इंजीन तयार झाले. सुमारे १२ अश्वशक्तीचे हे इंजीन १७ डिसेंबर १९०३ रोजी राइट बंधूंच्या विमानात बसून उडाले. इतिहासाच्या पुस्तकांत भावांची नावे आली. टेलरचे नाव बराच काळ तळटिपेतही नव्हते. १९५६ मध्ये तो वारला. आज त्याच्या जन्मदिवशी, २४ मे रोजी, अमेरिकेत विमान-मेकॅनिकांचा दिवस पाळतात.

टेलरकडे परवाना नव्हता, कारण परवाना देणारेच कोणी नव्हते. ज्याने इंजीन केले त्यानेच ते तपासायचे, आणि ज्याने विमान केले त्यानेच त्यात बसायचे. चूक झाली तर भोगणारा आणि करणारा एकच. अशा व्यवस्थेत सहीची गरज पडत नाही. गरज पडते ती भलताच माणूस प्रवासी म्हणून बसतो तेव्हा. १७ सप्टेंबर १९०८ रोजी ऑर्व्हिल राइटच्या विमानाचा पंखा हवेत तुटला आणि शेजारी बसलेला लेफ्टनंट सेल्फ्रिज मरण पावला. यांत्रिक विमानाच्या अपघातातला हा पहिला बळी. पुढे पहिल्या महायुद्धात विमाने हजारांनी झाली. युद्ध संपल्यावर त्यांतली कित्येक स्वस्तात विकली गेली आणि ती घेऊन हौशी मंडळी तिकीट लावून लोकांना हवेत फिरवू लागली. दोऱ्या, कापड, लाकूड आणि तारा यांची ती विमाने कोणी, कधी, कशी दुरुस्त केली, हे तिकीट काढणाऱ्याला कळण्याचा मार्ग नव्हता.

१९१९ साली पॅरिस येथे विमानवाहतुकीचा आंतरराष्ट्रीय करार झाला. विमानाला उड्डाणयोग्यतेचे प्रमाणपत्र असले पाहिजे हे तत्त्व त्यात आले. भारतही या करारात सामील होता. त्याच वर्षी ब्रिटनने 'ग्राउंड इंजिनिअर' असा परवानाधारक वर्ग निर्माण केला: विमान उडण्यापूर्वी ते तपासून प्रमाणित करणारा जमिनीवरचा माणूस. अमेरिकेत १९२६ साली कायदा झाला आणि १ जुलै १९२७ रोजी तिथला पहिला सरकारी मेकॅनिक-परवाना दिला गेला. वैमानिकाचा पहिला परवाना त्याच वर्षी एप्रिलमध्ये निघाला होता. म्हणजे उडवणारा आणि दुरुस्त करणारा, दोघांना कायद्याने तीन महिन्यांच्या अंतराने ओळखले. हा परवाना व्यक्तीला दिलेला होता, कारखान्याला नव्हे. इथेच या व्यवसायाची पुढची सगळी घडण ठरून गेली.

आपल्याकडे नागरी विमानवाहतुकीचे सरकारी खाते १९२७ मध्ये निघाले. १९२८ मध्ये मुंबई, दिल्ली, कराची व बंगाल येथे फ्लाइंग क्लब सुरू झाले. मुंबईचा क्लब जुहूला होता. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन याच जुहूच्या मैदानावर उतरले, हे सर्वांना ठाऊक असते. त्या सेवेच्या सुरुवातीच्या मूठभर माणसांत दोन उमेदवार मेकॅनिक होते, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. पावसाळ्यात जुहूचे मैदान चिखलाने भरे आणि सगळा बाडबिस्तरा पुण्याला हलवावा लागे. मेकॅनिकचे शिक्षण त्या काळी असेच उमेदवारीतून होई. वर्षानुवर्षे कोणाच्या तरी हाताखाली काम करायचे, आणि मग परीक्षेला बसायचे.

१९३४ चा विमान कायदा आणि १९३७ चे विमान नियम यांनी हा परवाना आपल्या देशात पक्का केला. (१९३४ च्या कायद्याची जागा १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ याने घेतली आहे.) परवान्याचे वर्ग इंग्रजी अक्षरांनी ओळखत. 'ए' म्हणजे विमानाच्या सांगाड्याची रोजची देखभाल, 'बी' म्हणजे सांगाड्याची संपूर्ण उघडून दुरुस्ती. 'सी' आणि 'डी' ही त्याच क्रमाने इंजिनाची. आणि 'एक्स' म्हणजे होकायंत्र, वीज, उपकरणे इत्यादी. ही विभागणी फार विचारपूर्वक केलेली आहे. इंजीन जागेवर ठेवून तेल-प्लग पाहणारा आणि इंजीन पूर्ण खोलून दट्ट्या मोजणारा, या दोघांचे ज्ञान वेगळे असते. एकाला येते म्हणून दुसऱ्यावर सही करण्याचा अधिकार त्याला मिळत नाही. डॉक्टरांच्या बाबतीत आपण हे मानतो. मिस्त्रीच्या बाबतीत मात्र 'त्याला सगळे जमते' ही आपल्याकडे स्तुती समजली जाते.

वायुसेनेचा रस्ता निराळा होता. भारतीय वायुसेनेची पहिली तुकडी १ एप्रिल १९३३ रोजी कराचीजवळ ड्रिघ रोड येथे उभी राहिली, तेव्हा तीत मूठभर अधिकारी आणि १९ 'हवाई शिपाई' होते. हे शिपाई म्हणजे तिचे मेकॅनिक. त्यांत हरजिंदर सिंग नावाचा तरुण होता. लाहोरच्या मॅक्लगन कॉलेजात तो अभियांत्रिकी शिकलेला. बरी नोकरी सहज मिळाली असती. तो शिपाई म्हणून भरती झाला. विमाने सांभाळायला भारतीय माणूस चालेल की नाही, याबद्दल पुष्कळ ब्रिटिश अधिकाऱ्यांना तेव्हा शंका होती. हरजिंदर सिंग पुढे एअर व्हाइस मार्शल झाले आणि वायुसेनेच्या मेंटेनन्स कमांडचे प्रमुखही झाले. या कमांडचे मुख्यालय आज नागपूरला आहे.

दुसऱ्या महायुद्धाने प्रशिक्षणाचा आकारच बदलला. मूळ सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी डिसेंबर १९४० मध्ये बंगलोरला हिंदुस्तान एअरक्राफ्ट हा कारखाना काढला. पुढच्याच वर्षी तिथे जोडलेले पहिले विमान उडाले. लवकरच सरकारने कारखाना ताब्यात घेतला आणि तो दोस्त राष्ट्रांच्या विमानांचा मोठा दुरुस्ती-तळ बनला. कोल्हापूरकडचे डॉ. विष्णू माधव घाटगे याच कारखान्यात होते. जर्मनीत प्रांटल यांच्याकडे वायुगतिशास्त्र शिकून आलेल्या घाटगे यांनी अभिकल्पित केलेले एच. टी.-२ हे शिकाऊ विमान ऑगस्ट १९५१ मध्ये उडाले. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने आणखी एक घटना महत्त्वाची आहे. १९४० मध्ये सरकारने युद्धासाठी कारागीर तयार करण्याची तांत्रिक प्रशिक्षण योजना सुरू केली. उमेदवारीत जे पाच-सात वर्षांत शिकायचे ते काही महिन्यांत शिकवायचे, असा तो प्रकार. युद्ध संपल्यावर तीच यंत्रणा नागरी कामाकडे वळली. १९५० मध्ये कारागीर प्रशिक्षण योजना आली आणि आज तालुक्या-तालुक्यांत दिसणारे आय.टी.आय. त्यातून उभे राहिले. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याने कारखान्यांना शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक केले. नगरच्या आय.टी.आय.मध्ये कानस चालवणाऱ्या मुलाची वंशावळ अशी युद्धाच्या विमानांपर्यंत जाते.

१९६४ मध्ये नाशिकजवळ ओझर येथे मिग विमानांचा कारखाना उभा राहू लागला. संगमनेर, अकोले, कोपरगावच्या मुलांना ओझर काही परके नाही. फिटर, टर्नर, वेल्डर असे कारागीर तिथे विमानाच्या कामाला लागले. मिग-२१ पासून सुखोई-३० पर्यंतची विमाने तिथे बनली. वायुसेनेचा ११ बेस रिपेअर डेपोही ओझरलाच आहे. तिथे मिग-२९ सारखी विमाने पूर्ण उघडून पुन्हा जोडतात.

इथे एक फरक नीट समजून घ्यावा लागेल. ओझरच्या कारखान्यातला किंवा वायुसेनेतला कुशल कारागीर विमानाचे कितीही अवघड काम करत असला, तरी त्यामुळे त्याला नागरी विमानावर सही करता येत नाही. लष्करी विमानांची तपासणी व मान्यता यांची व्यवस्था वेगळी आहे. तिथून निवृत्त झालेल्या माणसाला काकडीला उतरणाऱ्या विमानावर सही करायची असेल, तर नागरी विमान महासंचालनालयाचा, म्हणजे डी.जी.सी.ए.चा, परवाना काढावा लागतो आणि त्यासाठी परीक्षा द्यावी लागते. हाताचे कौशल्य ही एक गोष्ट आणि कायद्याने दिलेला अधिकार ही दुसरी.

मग या शिक्षणात शिकवतात तरी काय? सुरुवात गणित आणि भौतिकशास्त्र यांपासूनच होते. पुढे वीज, इलेक्ट्रॉनिक्स, धातू व इतर पदार्थ, वायुगतिशास्त्र, विमानाचा सांगाडा, टर्बाइन इंजीन, पंखा, कायदे. एक उदाहरण घेऊ. विमानाचे पत्रे रिव्हेटने जोडतात. आपले कारागीर त्याला रिबीट म्हणतात. समजा, दांड्याचा व्यास ४ मि.मी. आहे. नियम असा की पत्र्यांतून पलीकडे दांडा व्यासाच्या दीडपट, म्हणजे ६ मि.मी. बाहेर यावा, आणि ठोकल्यावर जे चपटे डोके तयार होईल ते दीडपट रुंद, म्हणजे ६ मि.मी., आणि किमान अर्ध्या व्यासाइतके, म्हणजे २ मि.मी. उंच असावे. आता नववी-दहावीच्या मुलांना वृत्तचितीचे सूत्र वापरायला सांगावे. बाहेर आलेल्या दांड्याचे आकारमान सुमारे ७५ घन मि.मी. भरते, चपट्या डोक्याचे सुमारे ५७. मग १८ घन मि.मी. धातू गेला कुठे? थोडा भोकात फुगून बसला आणि त्याने भोक गच्च भरले. थोडा डोक्याच्या जादा उंचीत गेला, कारण २ मि.मी. ही खालची मर्यादा आहे. डोके याहून बुटके झाले तर जास्त ठोकले गेले, धातूला भेग पडण्याची भीती. उंच व अरुंद राहिले तर कमी ठोकले, पत्रे सुटण्याची भीती. तपासनीस मापपट्टी लावून हेच पाहतो. पाठ्यपुस्तकातले वृत्तचितीचे गणित इतक्या उपयोगी जागी सापडावे, याचे आम्हांला फार अप्रूप वाटते.

बोल्ट आवळण्याचेही तसेच आहे. 'दाबून आवळ' ही भाषा तिथे चालत नाही. किती बल, किती लांबीच्या पान्याने, हे पुस्तकात लिहिलेले असते आणि ते मोजणारा पाना वापरावा लागतो. आवळल्यानंतर दोन बोल्टांच्या डोक्यांतून बारीक तार ओवून पिळतात. ती अशा बाजूने ओवायची की एक बोल्ट सैल होऊ लागला तर तारेचा ताण दुसऱ्याला आवळण्याच्या दिशेने ओढील. आमच्या माहितीत बलाच्या परिबलाचा यापेक्षा सुंदर घरगुती प्रयोग नाही. दोन बोल्ट, एक लाकडी फळी आणि हातभर तार पुरते.

हे सारे नियम कोणी कार्यालयात बसून शोधून काढले असे समजू नये. बहुतेकांच्या मागे एखादा अपघात आहे. १२ ऑगस्ट १९८५ रोजी जपानमध्ये एक जंबो जेट डोंगरावर कोसळून ५२० माणसे गेली. सात वर्षांपूर्वी विमानाच्या शेपटाकडच्या भिंतीची दुरुस्ती झाली होती. तीत जोडपट्टी चुकीच्या रीतीने कापून बसवल्यामुळे जिथे रिबिटांच्या दोन ओळींनी भार घ्यायचा तिथे तो एकाच ओळीवर आला होता. वरून दुरुस्ती बरोबर दिसत होती.

दुसरी घटना थोडी विस्ताराने सांगण्यासारखी आहे, कारण तीत कोणीही मूर्ख किंवा बेईमान नाही. १० जून १९९० रोजी ब्रिटिश एअरवेजचे एक विमान बर्मिंगहॅमहून स्पेनमधील मालागाकडे निघाले. उड्डाणानंतर तेरा मिनिटांनी, सुमारे १७ हजार फुटांवर, वैमानिकासमोरची काच निखळून गेली. आतल्या हवेच्या दाबाने कॅप्टन कमरेपर्यंत बाहेर फेकला गेला. विमान-सेवकांनी त्याचे पाय धरून ठेवले, सहवैमानिकाने साउदम्प्टनला विमान उतरवले, आणि कॅप्टन वाचला. सर्व प्रवासीही वाचले. चौकशीत असे आढळले की ती काच जेमतेम २७ तासांपूर्वी बदललेली होती. ती ज्या ९० बोल्टांनी बसवली होती त्यांपैकी ८४ बोल्टांचा व्यास हवा त्यापेक्षा सुमारे ०.६६ मि.मी.ने कमी होता. उरलेले सहा व्यासाने बरोबर होते, पण लांबीने सुमारे अडीच मि.मी. तोकडे.

हे घडले कसे? रात्रपाळीत माणसे कमी होती, म्हणून पाळीचा प्रमुख स्वतःच काम करायला गेला. जुने बोल्ट काढले. त्यांच्या जोडीचे नवे बोल्ट नजरेने जुळवून घ्यायचे ठरवले. गंमत अशी की काढलेले जुने बोल्टच मुळात चुकीचे होते, थोडे तोकडे, तरी चार वर्षे टिकले होते. कोठारातल्या माणसाने बरोबर क्रमांक सांगितलाही होता. तिथे पुरेसे बोल्ट नव्हते म्हणून तो दुसऱ्या एका कोठाराकडे गेला, तिथे उजेड मंद होता. बारीक बोल्ट मोठ्या आट्यांत बसवताना हाताला फरक जाणवायला हवा होता. पण तो ज्या अडचणीच्या जागी वाकून काम करत होता तिथून बोल्टाचे डोके धड दिसत नव्हते. काम झाले, त्याने सही केली. दुसऱ्या माणसाने पुन्हा तपासावे असा नियम काचेच्या बाबतीत त्या वेळी नव्हता. अनुभवी माणूस, चांगला शेरा असलेला, आणि कामाची तळमळ असलेला. पुस्तकात भाग-क्रमांक पाहायला काही मिनिटे लागली असती.

या आणि अशा घटनांनंतर मेकॅनिकच्या अभ्यासक्रमात मानवी घटक हा स्वतंत्र विषय आला: झोप, थकवा, घाई, पाळी बदलताना सांगायचे राहून गेलेले, वरिष्ठापुढे न बोलणे. भारतातील अभ्यासक्रमातही तो आहे. खरे म्हणजे या शिक्षणातला सर्वांत अवघड धडा सही न करण्याचा आहे. विमान उशिरा सुटते आहे, प्रवासी ओरडताहेत, साहेब फोन करतो आहे, आणि एका बोल्टाचा क्रमांक जुळत नाही. कायद्याने परवाना व्यक्तीच्या नावावर का दिला, याचे उत्तर या प्रसंगात आहे. 'कंपनीने सांगितले' असे म्हणून त्याला सुटता येत नाही, आणि तो नाही म्हणाला तर कंपनीला त्याच्या जागी सही करता येत नाही.

आता आजच्या स्थितीकडे येऊ. गेल्या दीड दशकात आपल्या देशाने युरोपच्या धर्तीवर परवान्याची नवी विभागणी स्वीकारली: 'ए' हा साध्या, मर्यादित कामांचा, 'बी-१' यांत्रिक भागांचा, 'बी-२' विद्युत व इलेक्ट्रॉनिक यंत्रणांचा, 'सी' मोठ्या दुरुस्तीनंतर संपूर्ण विमान प्रमाणित करण्याचा. बारावीला भौतिक, रसायन आणि गणित घेतलेला विद्यार्थी मान्यताप्राप्त संस्थेत जाऊ शकतो. टर्बाइन विमानाच्या 'बी-१' वर्गाचा अभ्यासक्रम सुमारे २४०० तासांचा असतो. आणि इथेच तो गैरसमज होतो. हा अभ्यासक्रम पूर्ण केल्यावर संस्था देते ते प्रमाणपत्र. परवाना संस्था देत नाही. परवाना डी.जी.सी.ए. देते, त्यासाठी तिच्या प्रत्येक विषयाच्या परीक्षेत १०० पैकी ७५ गुण मिळवावे लागतात, आणि शिवाय चालत्या विमानांवर काम केल्याचा अनुभव दाखवावा लागतो, मान्य अभ्यासक्रम केलेल्यासही साधारण दोन वर्षांचा. म्हणजे शाळेत ३५ टक्क्यांना 'पास' म्हणायची सवय लागलेल्या मुलाला इथे ७४ टक्क्यांना नापास व्हावे लागते. परवान्यानंतरही विशिष्ट जातीच्या मोठ्या विमानावर सही करायची, तर त्या जातीचे वेगळे प्रशिक्षण आलेच.

खासगी संस्थांच्या जाहिरातींत प्रमाणपत्र आणि परवाना हे दोन शब्द शेजारी शेजारी छापलेले असतात आणि पालकांना ते एकच वाटतात. म्हणून प्रवेश घेण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात. संस्थेला डी.जी.सी.ए.ची मान्यता कोणत्या वर्गासाठी आणि कोणत्या तारखेपर्यंत आहे? हातकामाचा अनुभव चालत्या विमानांवर कुठे मिळणार, आणि तो लेखी नोंदला जाणार का? आजवरच्या विद्यार्थ्यांपैकी परवाना किती जणांना मिळाला? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर म्हणून अभ्यासक्रम पूर्ण केलेल्यांचा आकडा मिळाला, तर तो त्या प्रश्नाचे उत्तर नव्हे.

अमेरिकेत हे शिक्षण पुष्कळ ठिकाणी गावातल्या कम्युनिटी कॉलेजात मिळते. ही सरकारी मदतीवर चालणारी दोन वर्षांची महाविद्यालये. आसपासची मुले घरून येऊन शिकतात, दिवसा नोकरी करणारे संध्याकाळी येतात. तिथे सांगाडा आणि इंजीन या दोन्ही परवान्यांसाठी दीर्घकाळ किमान १९०० तासांचे शिक्षण सक्तीचे होते. २०२२ मध्ये नियम बदलले आणि तास मोजण्याऐवजी काय येते हे पाहण्यावर भर आला. संस्थेत न जाता ३० महिने प्रत्यक्ष काम करूनही परीक्षेला बसता येते. परीक्षा मात्र सर्वांना तीच: लेखी, तोंडी आणि हातकामाची. आपल्याकडेही यू.जी.सी.ने बाराव्या योजनेच्या काळात कम्युनिटी कॉलेजांची योजना आणली, पण विमान-देखभाल हा विषय प्रामुख्याने खासगी संस्थांच्या हातीच राहिला. त्याचा खर्च पाहता शेतकरी कुटुंबाला तो निर्णय सोपा नसतो. एखादे सरकारी महाविद्यालय आणि ओझर किंवा नागपूर यांच्या सहकार्याने हे का होऊ नये, असा प्रश्न आम्हांला पडतो. नागपूरला मिहान प्रकल्पात बोइंगने एअर इंडियासाठी बांधलेले मोठे देखभाल केंद्र २०१५ पासून चालू आहे.

नगर जिल्ह्यात हाताला यंत्राची सवय नाही असे कोणी म्हणू शकणार नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी नगरच्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये डी. सी. चर्चिल नावाचा इंजिनिअर मिशनरी होता. त्याने सुधारलेला हातमाग 'चर्चिल माग' म्हणून देशभर गाजला. फाळणीनंतर सैन्याच्या वाहनांची तपासणी करणारी संस्था चकलाल्याहून नगरला आली. तीच आजची व्ही.आर.डी.ई. 'निशांत' या वैमानिकरहित विमानासाठी जे वॅन्केल इंजीन देशात तयार झाले आणि २००९ मध्ये उडाले, त्याच्या विकासात या संस्थेचा वाटा होता. १९७२ मध्ये लूना नगरातच जन्मली. गॅरेजांत, साखर कारखान्यांत, एम.आय.डी.सी.त काम करणारी माणसे जिल्ह्यात घरोघर आहेत.

अडखळतात ती मुले बहुधा इंग्रजीपाशी. परीक्षा इंग्रजीत, विमानाची सगळी पुस्तके इंग्रजीत. मराठी माध्यमातल्या मुलांना इथे धीर देण्यासारखी एक गोष्ट आहे. जगातले बहुसंख्य मेकॅनिक इंग्रजी घरात बोलत नाहीत, हे विमान कंपन्यांच्या फार पूर्वी ध्यानात आले. म्हणून १९८६ मध्ये युरोपातल्या विमान-उद्योगाने देखभाल-पुस्तकांसाठी एक सोपी, नियमबद्ध इंग्रजी ठरवून दिली. तीत सुमारे नऊशे मान्य शब्द आहेत, आणि तांत्रिक नावे वेगळी. एका शब्दाला शक्यतो एकच अर्थ. उदाहरणार्थ, 'फॉलो' म्हणजे फक्त मागून येणे. सूचना 'फॉलो' करायच्या नाहीत, त्या 'ओबे' करायच्या. कृती सांगणारे वाक्य २० शब्दांहून लांब असता कामा नये. एका वाक्यात शक्यतो एकच कृती. ही भाषा शिकायला मोठे साहित्य वाचावे लागत नाही. आठवी-नववीच्या विज्ञानातील एखाद्या प्रयोगाची कृती मुलांना अशा नियमांनी आधी मराठीत आणि मग इंग्रजीत लिहायला लावली, तर दोन तासिकांत तिची ओळख होते.